एकूण 114

2020 चा ऑगस्ट. लातुरातल्या आमच्या मेडिकल कॉलेजची लायब्ररी ओस पडली होती. वाचक सगळे कोविड वॉर्डात. दुपारी मेडिसिनचा एक निवासी डॉक्टर आला. नाकावर मास्कचा वळ, हातात मोबाईल.

"सर, पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला! दोनच दिवसांत!"

'दोन दिवसांत' ऐकलं आणि मी पेढ्यांऐवजी मेल मागितला. वर 'आदरणीय महोदय', खाली छापण्याची फी 299 डॉलर. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा: लेख छान, छापावा. मी त्याच्या लेखातला पहिला तक्ता उघडला. पुरुष 68, स्त्रिया 44, एकूण 114.

"डॉक्टर, बेरीज करा."

तो मनातल्या मनात पुटपुटला. "एकशे बारा... दोघांना पुढं रेफर केलं होतं सर. एकूण बदलायचं राहिलं."

वॉर्डातला कागद बाहेर येत नव्हता. हा पीपीई किटमध्ये आतून ऑक्सिजनचे आकडे ओरडून सांगायचा, मित्र काचेपलीकडं वहीत उतरवायचा. त्या वहीचा हा लेख, आणि तो कुणी वाचलाच नव्हता.

"पण जर्नलला आयएसएसएन आहे की सर!"

आयएसएसएन म्हणजे नोंदणीचा नुसता क्रमांक, दर्जाची हमी नव्हे. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या सूचीत, आहोत असा जर्नलचा दावा होता, शोधलं, नव्हतं. डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या यादीतही नाही. त्याच वर्षी तैवानमधल्या एका कीटकशास्त्रज्ञानं पोकेमॉनमधलं झुबॅट नावाचं काल्पनिक वटवाघूळ खाल्ल्यानं कोविड पसरला, असा मुद्दाम थापांचा लेख असल्याच, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका जर्नलला पाठवला होता. तोही छापला गेला. हे सांगितलं, पण त्याला हसू आलं नाही.

घाई तर तेव्हा लॅन्सेटसारख्या नामांकित जर्नललाही नडली होती म्हणा. जूनमध्येच कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाचा लेख मागे घ्यावा लागला. पण तिथं आकडे कुठून आले म्हणून विचारणारे होते, आणि मागे घेणारेही.

"मग पैसेच भरत नाही. सुटलो ना?"

सुटला नव्हता. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून बसला होता. त्यांनी एकदा छापलं की चांगलं जर्नल म्हणणार, हे आधीच प्रसिद्ध झालंय. लेख मागे घेतो असा मेल आम्ही तिथंच बसून केला. चहा यायच्या आत उत्तर: मागे घेण्याची फी वेगळी.

आमचे शिपाईमामा कप ठेवत म्हणाले, "काय शोधायलाव एवढं?"

ऑक्टोबरात पैसे न भरताच पेपर झळकला. आडनावात एक अक्षर कमी, तक्त्यात 114 तसेच. दुरुस्ती करा म्हणून लिहिलं, तर दुरुस्तीचे आणखी 150 डॉलर.