जुन्या गाडीचे हेडलाइट: आधी पूर्ण व्होल्टेज, मग नवा बल्ब

नागपुरात काटोल नाका ओलांडून फेटरीच्या पुढे गेले की जुन्या गाडीचा डिपर (खाली झुकलेला, जवळचा झोत) किती अपुरा आहे, हे लगेच लक्षात येते. अशा वेळी बहुतेक जण थेट एलईडी बल्ब विकत घेतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत मूळचा ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५) एच-४ बल्ब क्वचितच कमजोर असतो. त्याच्यापर्यंत पुरेसा वीजदाब पोहोचत नाही, आणि जो प्रकाश पडतो तोही पिवळ्या पडलेल्या काचेतून गाळून बाहेर येतो.

हॅलोजन बल्बचा प्रकाश वीजदाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी वेगाने घटतो. १३.२ व्होल्टला मिळणारा प्रकाश १०० मानला, तर १२ व्होल्टला तो सुमारे ७२ च उरतो. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून फिरून येतो, तसेच अर्थचा (गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या वायरचा) जोड गंजलेला असतो, त्यामुळे वीजदाबात एवढी घट सहज होते. इंजिन आणि लाइट दोन्ही चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कपलरवर (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगवर) मल्टिमीटर लावला, की फरक समोर येतो. उपाय म्हणजे फ्यूजसह रिलेचे (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) वायरिंग: प्रवाह बॅटरीतून सरळ बल्बकडे जातो आणि स्विचकडे केवळ रिले चालवण्याचे काम उरते. जपानी बनावटीच्या काही गाड्यांत मात्र स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणून हे काम अशा वायरिंगची माहिती असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

दुकानात याच खर्चात १००/९० वॅटचे बल्ब पुढे केले जातात. ते घेऊ नयेत. मूळ होल्डर आणि वायर त्या प्रवाहासाठी नसतात; होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो. ६०/५५ वॅटमध्येच जास्त उजेड देणारे नामांकित कंपन्यांचे बल्ब मिळतात. त्यांचे आयुष्य थोडे कमी असते, पण हा सौदा मला मान्य आहे.

एलईडीबद्दलचा आक्षेप केवळ कायद्याचा नाही. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. रिफ्लेक्टरची वक्रता त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीची चिप त्याच ठिकाणी, त्याच आकारात प्रकाश देत नसल्यामुळे जवळचा रस्ता लख्ख दिसतो, लांबचा तितका दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नेमके हेच रोखतो: दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो प्रकाश दिपवणारा नसावा. परवानगी नसलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करतानाही गाडी तपासणीला न्यावी लागतेच.

परदेशातून मागवलेला संपूर्ण दिवा घेतानाही सावध राहावे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून डिपरचा प्रकाशझोत डावीकडे वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेला दिवा तोच झोत समोरून येणाऱ्याच्या तोंडावर टाकतो.

नागपूरच्या उन्हाने प्लास्टिकची काच वर्षागणिक पिवळी पडते. ८००, १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी वापरत, क्रमाने घासून वर अतिनील किरण रोखणारा लेप दिला तर ती पुष्कळ सुधारते; लेप न देता नुसते पॉलिश केले, तर पुढच्या उन्हाळ्यात पिवळेपणा परत येतो. आतला रिफ्लेक्टर मात्र पुसायला जाऊ नये, कारण त्याचा मुलामा निघून जातो. तो काळवंडला असेल तर मंजूर बनावटीचा दिवाच बदलावा.

शेवटचे काम झोताची उंची लावण्याचे. टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. डिपरची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडावी. डिकीत संत्र्यांचे क्रेट भरून काटोलहून परतायचे असेल, तर मागची बाजू दबून झोत वर उचलला जातो, त्यामुळे डॅशबोर्डवर लेव्हलिंगची कळ असेल तर ती ० वरून १ किंवा २ वर नेऊन झोत खाली घ्यावा.