तिसरा दिवस

दादाला स्टेरॉइडची इंजेक्शनं लागून आज तिसरा दिवस. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्राम, दर सहा तासांनी शिरेतून. नागपूरच्या धंतोलीतल्या या हॉस्पिटलात येईपर्यंत मला वाटायचं की दादाचा हा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, म्हणजे मेसालामाईनच्या गोळ्या खा आणि तर्री पोहे सोडा, संपलं. पण अटॅक असा जोरात आला की त्या गोळ्यांच्यानं काही होत नाही.

स्टेरॉइड लागू पडलं की नाही हे तिसऱ्या दिवशीच का बघतात ते आज डॉक्टरांनी नीट सांगितलं. ऑक्सफर्डच्या लोकांनी १९९६ मध्ये हिशोब मांडला होता, तीन दिवस स्टेरॉइड देऊनही दिवसाला आठच्या वर संडास, किंवा तीन ते आठ पण सीआरपी (अंगातली सूज सांगणारी रक्ताची तपासणी) ४५ च्या वर, तर त्यातल्या ८५ टक्के पेशंटचं मोठं आतडं त्याच ॲडमिशनमध्ये काढावं लागायचं. तेव्हा आजची औषधं नव्हती म्हणा. दादाचा सीआरपी ६२ आहे.

स्टेरॉइडनं भागत नाही, म्हणून आता पुढचं औषध. सायक्लोस्पोरिन जुनं, काम करतं, पण रक्तातली लेव्हल सारखी बघत राहा आणि किडनीही सांभाळा. टोफासिटिनिब गोळी आहे, जेनेरिक मिळते म्हणून खिशाला बरी, लवकर लागू पडते, पण नागीण उठू शकते आणि रक्ताच्या गुठळ्यांची भीती, या आजारात गुठळ्या तशाही होतात म्हणून दादाच्या पोटात गुठळ्या रोखणाऱ्या हेपरिनची सुई रोज टोचूनच राहिले. आणि तिसरं इन्फ्लिक्सिमॅब, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्राम, आधी एक डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी, म्हणजे खर्च काही एकदाच करून सुटत नाही. त्यात दादाचं अल्बुमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, खाली गेलंय, अशात हे महागडं औषध आतड्यातूनच वाहून जातं म्हणे, म्हणून डोस वाढवावाही लागू शकतो. हे ऐकून वहिनी गप्पच झाली.

माझं मत विचाराल तर इन्फ्लिक्सिमॅबच. घरात कोणी विचारलं नाही ते सोडा.

मावशी सकाळपासून विचारून राहिली, "अरे जुलाब बंद करायची साधी गोळी काऊन नाही देऊन राहिले?" तिला समजावता समजावता तोंड दुखलं, अशा सुजलेल्या आतड्यात ती गोळी दिली तर आतडं फुगून फुटायची पाळी येते. पेनकिलरही चालत नाही.

सर्जन पहिल्याच दिवशी येऊन बघून गेले तेव्हा आई रडली होती. आज त्यांनीच सांगितलं की औषध लागू पडलं नाही तर उगाच ताणत बसायचं नाही, उशिरा केलेल्या ऑपरेशनमध्ये धोका जास्त. मला ते पटलं, आईला नाही.

छातीचा एक्सरे क्लिअर आहे. टीबी गोल्ड या रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी येईल, छुपा टीबी असला तर इन्फ्लिक्सिमॅबनं तो उसळतो, म्हणून तोवर थांबलेत. वहिनी खाली मेडिक्लेमच्या काउंटरवर बसून आहे.