रसेलचे ब्लॉक कोणी मोजले?

काल पार्क चौकात भाचा म्हणाला, "मामा, बास्केटबॉलच्या ब्लॉकच्या यादीत बिल रसेल नाहीच, मग तो कसला भारी?" मी गाडीच बाजूला घेतली. अरे, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडून बॉल हिसकावणं) मोजायला लागले १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल १९६९ लाच निवृत्त झाला, १३ हंगामांत ११ विजेतेपदं घेऊन!

यादीत पहिला हकीम ओलाजुवान, ३,८३० ब्लॉक. मी मात्र त्याचे पाय बघतो. नायजेरियातल्या लेगॉसमध्ये तो आधी फुटबॉलचा गोलकीपर, बास्केटबॉल उशिरा हातात आला. म्हणूनच एवढा उंच माणूस गार्डसमोरही, म्हणजे बुटक्या चपळ खेळाडूंसमोरही, आडवा सरकत टिकायचा, असं माझं ठाम मत आहे. भाच्याच्या टाचा सिमेंटला चिकटलेल्या असतात. आज सकाळी ऊन चढेपर्यंत त्याला नुसतं सरकायला लावलं, बॉल दिलाच नाही.