एकाच ग्रुपचं साप्ताहिक मिक्स आणि चार गाण्यांची अट: माझा अनुभव

एकाच ग्रुपच्या गाण्यांची मिक्स दर आठवड्याला ऑनलाइन टाकायचा विचार असेल, तर आधी ही एक गोष्ट ऐकून ठेवा. अमेरिकेतल्या कायद्यात इंटरनेट रेडिओचा जो परवाना आहे, त्याखाली तीन तासांच्या अवधीत एका कलाकाराची जास्तीत जास्त चार गाणी वाजवता येतात. त्यातही एका अल्बममधली तीनच. मी ज्या साइटवर मिक्स टाकतो तिचा अमेरिकेतला कारभार याच परवान्यावर चालतो. हे एक वाक्य अपलोडच्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवं होतं. ते नव्हतं आणि अजूनही नाही. त्या पायी जो मनस्ताप झाला तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

माझा ग्रुप म्हणजे डे ला सोल, हिप-हॉपवाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे तिघे: पॉसडन्यूस, डेव्ह आणि मेसिओ. पहिला अल्बम ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ 1989चा, निर्माता प्रिन्स पॉल. कॉलेजात असताना एका सीनियरने ऐकवले आणि मी कायमचा त्यांचा झालो. पण इतकी वर्षं मित्रांना ऐकवायचं म्हटलं तर ऐकवणार काय? त्यांचे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर नव्हतेच. त्या गाण्यांत इतरांच्या रेकॉर्डचे तुकडे ठिकठिकाणी वापरलेत, आणि तेव्हाचे करार रेकॉर्ड आणि कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून झालेले. डिजिटलचा प्रश्न आला तेव्हा सगळं अडकून पडलं ते थेट 3 मार्च 2023पर्यंत. त्याच्या तीनच आठवडे आधी, 12 फेब्रुवारीला, डेव्ह गेला. वय 54. स्वतःची गाणी लोकांच्या फोनवर आलेली त्याला बघायला मिळाली नाहीत, याची हळहळ मला आजही वाटते आणि साप्ताहिक मिक्सची कल्पना त्यातूनच आली. गाणी आता आहेत, तर ती समजून-उमजून ऐकवली पाहिजेत.

‘सर्वोत्तम वीस गाणी’ छापाचं मिक्स मला करायचं नव्हतं. ते यंत्रही करून देतं. दर रविवारी एक विषय घ्यायचा: एकदा प्रिन्स पॉलची करामत, एकदा जे डिला या निर्मात्याने बांधलेली गाणी, एकदा फक्त ब्रास सेक्शन (1993च्या अल्बमवर जेम्स ब्राऊनच्या बँडमधले मेसिओ पार्कर, फ्रेड वेस्ली आणि पी वी एलिस वाजवतात, त्यावर तासभर सहज जातो), एकदा नेटिव्ह टंग्ज मंडळी म्हणजे त्यांच्या गोतावळ्यातले जंगल ब्रदर्स, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, क्वीन लतिफा. विषयांची यादी एका बैठकीत झाली. गाणी माझ्याकडे सीडीवर होतीच. शिवाय 14 फेब्रुवारी 2014ला पंचवीस वर्षांच्या निमित्ताने त्यांनीच आपले जुने अल्बम पंचवीस तासांसाठी फुकट दिले होते, त्या फायली जपून ठेवलेल्या. जोडाजोडी ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरवर. यातलं काहीच मला जड गेलं नाही.

पहिलं मिक्स टाकलं, ओळखीच्यांच्या गटावर लिंक पाठवली, ठाण्या-पुण्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. रात्री न्यू जर्सीहून मामेभावाचा फोन.

“दादा, अरे तुझं ते वाजतच नाहीये. तुमच्या देशात उपलब्ध नाही म्हणतंय.”

“त्यांच्याच देशातला ग्रुप आहे रे तो!”

“मी काय करू? स्क्रीनशॉट पाठवतो.”

स्क्रीनशॉटमध्ये करड्या रंगाची एक पट्टी, तिच्यावर ‘परवान्याच्या कारणास्तव’ अशा अर्थाचे शब्द, आणि खाली मदत केंद्राची लिंक. इथून माझं गाडं जे अडलं ते अडलंच.

मदत केंद्राचा फॉर्म उघडला. ‘तुमची अडचण निवडा’ म्हणून यादी: पासवर्ड विसरलात, पैसे कापले गेले, आवाज येत नाही, कुणी तुमच्या हक्काचं साहित्य टाकलंय. माझी अडचण यातली कुठलीच नव्हती. ‘इतर’ हा पर्याय नाही. मग ‘आवाज येत नाही’ निवडून खाली सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की ब्राउझर अपडेट करा. मी परत लिहिलं की ब्राउझरचा प्रश्न नाही, भारतात वाजतंय, अमेरिकेत नाही. उत्तर आलं की तुमचा शो आमच्या मार्गदर्शक तत्त्वांशी जुळत नाही, तत्त्वं इथे वाचा. वाचली. ‘हक्कधारकांचा आदर करा’ यापलीकडे कामाचं एक अक्षर नाही. नेमकं कुठलं तत्त्व, हे विचारलं तर पुन्हा तीच लिंक. दर वेळी वेगळं नाव, दर वेळी सुरुवातीला ‘तुमची निराशा आम्ही समजू शकतो’. माणूस ताकास तूर लावायला तयार नसला की कसा संताप होतो, ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही सांगायला नको. फरक एवढाच, की कचेरीत निदान समोर कुणीतरी बसलेलं असतं.

दरम्यान मी अंदाजाने बदल करत राहिलो. एखाद्या गाण्यावर खास बंदी असेल म्हणून एकेक गाणं काढून पुन्हा चढवलं. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’वर माझा पहिला संशय, कारण त्या मिनिटभराच्या तुकड्यात टर्टल्स या जुन्या बँडचं गाणं वापरलं म्हणून डे ला सोलवर खटला झाला होता आणि कोर्टाबाहेर तडजोड झाली होती. ते काढलं. करडी पट्टी तशीच. मिक्सचं नाव बदललं, क्रम बदलला. पट्टी हलली नाही. प्रत्येक वेळी तासाभराची फाइल चढवायची, मामेभावाला उठल्याउठल्या बघायला सांगायचं, आणि त्याचं ‘नाही रे’ वाचायचं. त्याने एकदाही कंटाळा केला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

एका परिचिताने सल्ला दिला की भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52चा आधार घेऊन दावा ठोक. तो मानू नका. त्या कलमात खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा यांना मुभा आहे. अख्खी गाणी एकापाठोपाठ लावून जगाला ऐकवणं त्यात बसत नाही, आणि अडचण अमेरिकेतली असताना भारतीय कलमाचा उपयोगही नाही. उगाच खात्यावर वादाची नोंद पडते.

शेवटी उत्तर मिळालं ते कायद्याच्या मजकुरातच. अमेरिकी कॉपीराइट कायद्याचं कलम 114. 1998मध्ये डीएमसीए हा डिजिटल कॉपीराइटचा कायदा आला तेव्हा इंटरनेट रेडिओलाही त्यातल्या अटी लागू झाल्या. रेडिओवाल्याला प्रत्येक गाण्याची वेगळी परवानगी मागावी लागू नये म्हणून सरसकट परवाना आहे, पण बदल्यात अटी आहेत. तीन तासांत एका अल्बममधली तीनच गाणी, त्यातली लागोपाठ दोनच. एका कलाकाराची चार, त्यातली लागोपाठ तीनच. शिवाय कुठली गाणी वाजणार ते आधी जाहीर करायचं नाही. लोकांनी रेडिओवरूनच अख्खा अल्बम उतरवून घेऊ नये, हा हेतू. तो मला पटतो. कलाकाराचे पैसे बुडू नयेत, हे डे ला सोलच्या चाहत्याला वेगळं सांगावं लागत नाही. माझा राग त्या अटीवर नाहीच. राग आहे तो ही अट माहीत असताना ती एका ओळीत न सांगता मला आठवडेच्या आठवडे ब्राउझर अपडेट करायला लावणाऱ्यांवर.

म्हणजे माझं पहिलं मिक्स, एकाच ग्रुपची सलग गाणी, मुळातच या परवान्यात बसणारं नव्हतं. कितीही क्रम बदलला असता तरी.

आता यातून वाट काय काढली ते. तासाभरात बारा-चौदा गाणी लागतात. त्यातली चार डे ला सोलची. उरलेली कुठून आणायची? तर जिथून त्यांनी स्वतः आणली तिथून. पहिल्या अल्बमचा आठवडा मी असा लावला: सुरुवातीला जॉनी कॅशचं 1959चं पुराचं गाणं, ज्यातल्या ओळीवरून अल्बमला नाव मिळालं. फंकाडेलिकचं ‘नॉट जस्ट नी डीप’ आणि त्यानंतर ‘मी मायसेल्फ अँड आय’. हॉल अँड ओट्स, मग ‘से नो गो’. स्टीली डॅनचं ‘पेग’, मग ओटिस रेडिंगचं ‘डॉक ऑफ द बे’, आणि शेवटी ‘आय नो’. तीन गाणी एका अल्बमची, अटीत चपखल. चौथं 1991च्या अल्बममधलं घेतलं.

ओटिस रेडिंगवरून ‘आय नो’वर जाण्याचा सांधा मला या सगळ्या उद्योगातला सगळ्यात आवडता. रेडिंगचं गाणं संपत येतं तेव्हा तो शब्द सोडून नुसती शीळ वाजवतो आणि गाणं हळूहळू विरतं. ‘आय नो’मध्ये तीच शीळ उचललेली आहे. मी रेडिंगची शीळ पुरती विरू दिली नाही. ती अर्ध्या आवाजावर आली की खालून ‘आय नो’चा ठेका सुरू केला. थोड्या वेळाने तीच शीळ परत येते, या वेळी रॅपच्या मधून. पाठोपाठ ‘पेग’चा तुकडा, जो ऐकणाऱ्याने थोड्याच वेळापूर्वी मूळ गाण्यात ऐकलेला असतो. गटातल्या एका काकूंनी, ज्यांचा हिप-हॉपशी काडीचा संबंध नाही, लिहिलं, “अय्या, हे तर मगाचचंच!” मला दुसरी कुठली दाद नको होती. हे मिक्स न्यू जर्सीतही पहिल्या फटक्यात वाजलं.

डिलाच्या आठवड्यात ‘स्टेक्स इज हाय’च्या आधी अहमद जमालचा पियानो लावला. ब्रासच्या आठवड्यात जेबीज, म्हणजे जेम्स ब्राऊनचा तोच बँड. मायकेल जॅक्सनचं ‘आय कान्ट हेल्प इट’ आणि त्यावर उभं असलेलं ‘ब्रेकाडॉन’ ही जोडी कुठल्याही विषयात घाला, चालते.

काही गोष्टी मध्येच सांगायच्या राहिल्या. 1989ची रेकॉर्डिंग्ज 2016च्या मानाने कमी आवाजात वाजतात, 1959ची तर त्याहून. ऑडॅसिटीत लाउडनेस सारखा करायची सोय आहे, ती प्रत्येक गाण्यावर आधी वापरा आणि मगच जोडा. सगळं जोडून झाल्यावर केलंत तर सांधे बिघडतात. एमएफ डूम हा रॅपर पाहुणा असलेलं ‘रॉक को केन फ्लो’ दुसऱ्या गाण्यावर चढवायच्या भानगडीत पडू नका. त्याचा वेग मध्येच बदलतो, ठेका जुळत नाही. ते सरळ शेवटी ठेवा. गाण्यांची यादी गटावर आधी पाठवायची सवय असेल तर सोडा, का ते वर आलंच आहे. मी आता फक्त विषय सांगतो. आणि अपलोड करताना प्रत्येक गाण्यापुढे कलाकाराचं नाव नीट भरा. पाहुणा म्हणून गायलेलं गाणं मुख्य कलाकाराच्या नावावर धरलं जातं, निदान या साइटवर तरी. त्यामुळे डेव्हच्या स्मृतीच्या आठवड्यात गोरिलाझ या बँडचं ‘फील गुड इंक’ मला चारच्या बाहेर घेता आलं. त्यात डेव्हचं रॅप आहे आणि सुरुवातीचं ते गडगडाटी हसणं मेसिओचं. चारांत काय घ्यायचं यावर मी बराच घोळलो, पण ‘इट्झोवीझी’ पहिलंच नक्की झालं होतं. ते अख्खं गाणं त्याचं एकट्याचं आहे.

अडचण एकच उरली आहे ती स्किटची, म्हणजे गाण्यांच्या मधल्या छोट्या नाट्यतुकड्यांची. डे ला सोलचे अल्बम स्किटशिवाय पूर्ण होत नाहीत. पहिल्या अल्बममध्ये प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम, दुसऱ्यात कचऱ्यात सापडलेली कॅसेट ऐकणारी पोरं. साइट मात्र वीस सेकंदांच्या स्किटलाही एक गाणं धरते, म्हणजे चारातली एक जागा गेली. स्किट गाण्यातच जोडून एका नावाखाली टाकलं तर चालेल का, हे मी लेखी विचारलंय. या वेळी फॉर्ममध्ये ‘हक्कांविषयी’ निवडलं, तेव्हा निदान ब्राउझरचं उत्तर आलं नाही. तिकीट अजून उघडं आहे. उत्तर येईपर्यंत स्किटचा आठवडा मी मागे ठेवलाय आणि पुढच्या रविवारी नेटिव्ह टंग्ज घेतोय.