स्पार्कवर फॉरेन फंक्शन : परतीच्या वाटेवर गळणारी इन्स्ट्रक्शन

मंडळी, स्पार्कस्टेशन ५ या सन कंपनीच्या, स्पार्क प्रोसेसरच्या जुन्या वर्कस्टेशनवरचा आपला लिस्प कंपायलर आता फॉरेन, म्हणजे सी भाषेतल्या, फंक्शनकडून अख्खे स्ट्रक्चर (एकत्र बांधलेली अनेक मूल्ये) बिनधोक परत घेऊ लागला आहे. सोलारिस २.६ या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर डीएलओपन आणि डीएलसिम या कॉलांच्या साहाय्याने शेअर्ड लायब्ररी चढवणे जमल्याचे मागच्या नोंदीत कळवले होते. त्यानंतर बेळगावहून बराच काळ काही आले नाही, कारण एकाच दोषाने सगळा वेळ खाल्ला.

आधी यंत्राची हालहवाल. एम४८टी०८ या एनव्हीरॅम (यंत्र बंद असतानाही मजकूर टिकवणाऱ्या) चिपमधली बॅटरी संपल्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी आपला होस्ट आयडी आणि इथरनेट पत्ता विसरून उठत असे, आणि इकडच्या पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा हे पुन्हा पुन्हा घडते. ‘नवी’ म्हणून मागवलेली चिप जुन्या साठ्यातली निघाली. तिचीही बॅटरी मेलेलीच होती. शेवटी उद्यमबागेतल्या वर्कशॉपात काम करणाऱ्या एका मित्राने मूळ चिपवरचे एपॉक्सी बारीक कटरने कोरून आतली टोके उघडी केली आणि बाहेरून सीआर२०३२ या बटण-बॅटरीचा होल्डर सोल्डर करून दिला. माझ्या मते या चिपा विकत घेण्याच्या भानगडीत कोणी पडूच नये.

आता मूळ दुखण्याकडे येतो. चाचणीसाठी मी सी भाषेतली पंचांगाची छोटी लायब्ररी वापरतो, जी जीसीसी २.९५ या सी कंपायलरने बांधलेली आहे. तिच्यातले तिथीचे फंक्शन चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशांतल्या फरकाला १२ अंशांनी भागते आणि तिथीचा क्रमांक व उरलेला भाग असे १६ बाइटांचे स्ट्रक्चर परत करते. पूर्णांक किंवा डबल परत करणारी फंक्शने पहिल्यापासून नीट चालत होती. तिथीचे उत्तरही अचूक येई. मात्र त्यानंतर केव्हातरी, बहुधा पुढच्या गार्बेज कलेक्शननंतर (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या फेरीनंतर), संपूर्ण लिस्प सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळे. उलट प्रमाणित सी लायब्ररीतले ‘डिव्ह’ हे फंक्शन बोलावले, तर काहीच कोसळत नसे, पण भागाकार आणि बाकी यांच्या जागी आधीचाच कचरा जसाच्या तसा पडलेला असे. एकीकडे उत्तर बरोबर आणि इमेज (मेमरीतले चालू लिस्प) खलास, दुसरीकडे इमेज ठणठणीत आणि उत्तराचा पत्ता नाही. दोन्हींचे मूळ एकच असेल, असे या लक्षणांवरून कोणाला वाटणार?

कोसळण्याची जागा गार्बेज कलेक्टरमध्ये असल्यामुळे प्रथम त्याचीच झडती झाली. सी मध्ये शिरताना आपला कंपायलर एक ध्वज उभारतो आणि लिस्पच्या स्टॅकचा (चालू फंक्शनांच्या फ्रेमा, म्हणजे नोंदी, एकावर एक रचण्याच्या जागेचा) त्या क्षणीचा माथा नोंदवतो. परत आल्यावर एकाच स्टोअर इन्स्ट्रक्शनने तो ध्वज उतरवला जातो. ध्वज उभा असेल, तर कलेक्टर नोंदलेल्या माथ्यापर्यंतच स्टॅक तपासतो. कोअर डंपमध्ये (कोसळतानाच्या मेमरीच्या नकलेत) पाहावे तर आपण सी मधून कधीच बाहेर पडलेलो, आणि ध्वज मात्र उभाच. साहजिकच त्यानंतर रचल्या गेलेल्या फ्रेमांकडे कलेक्टर पाहत नसे, त्यांच्यातले ऑब्जेक्ट हलवले तरी तिथले पॉइंटर जुनेच राहत, आणि पुढे कधीतरी त्यांतला एखादा वापरला गेला की सगळे संपे.

म्हणून जीडीबी या डीबगरमध्ये त्या स्टोअरवरच ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) ठेवला. तो लागलाच नाही. त्याच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनवर ठेवला, तो लगेच लागला. मग तिथी फंक्शनच्या शेवटापासून एकेक पाऊल टाकत गेलो, तेव्हा डिसअसेंब्लीत परतीची उडी स्पष्ट दिसली : आय७ रजिस्टर अधिक १२. स्पार्कवर कॉल इन्स्ट्रक्शन स्वतःचा पत्ता रजिस्टरमध्ये ठेवते आणि तिच्यामागे डिले स्लॉट (उडी पूर्ण होण्याआधी चालणारी पुढची इन्स्ट्रक्शन; प्रत्येक इन्स्ट्रक्शन चार बाइटांची) असतो, त्यामुळे नेहमीचे परतणे अधिक ८ वर व्हायला हवे. इथे मधली चार बाइट, म्हणजे नेमके आपले ध्वज उतरवणारे स्टोअर, ओलांडले जात होते.

खुलासा स्पार्क व्ही८ च्या आर्किटेक्चर मॅन्युअलमधल्या परिशिष्ट ड मध्ये मिळाला. स्ट्रक्चर परत करणाऱ्या फंक्शनला बोलावताना उत्तराच्या जागेचा पॉइंटर स्टॅक पॉइंटर अधिक ६४ वर ठेवायचा, हे आपला कंपायलर करतच होता. पण त्याखेरीज डिले स्लॉटनंतर एक ‘अनइम्प’ (अनइम्प्लिमेंटेड, चालवली गेल्यास चूक उठवणारी) इन्स्ट्रक्शन घालायची असते आणि तिच्यात अपेक्षित आकाराचे खालचे १२ बिट लिहायचे असतात. सन कंपायलरने बांधलेले फंक्शन (‘डिव्ह’ त्यातलेच) परतताना हा ३२ बिटांचा शब्द वाचते. आकार जुळला तरच उत्तराची नक्कल करून अधिक १२ वर परतते, नाहीतर काहीही न लिहिता अधिक ८ वर. जीसीसी मात्र कसलीही तपासणी न करता उत्तर लिहून टाकते आणि सरळ अधिक १२ वर उडी मारते. ‘डिव्ह’ आणि तिथी यांची परस्परविरोधी वागणूक अशी एका फटक्यात उलगडली. जीसीसीच्या पुढच्या आवृत्त्यांत ही तपासणी चालू करणारा पर्याय आला खरा, पण २.९५ मध्ये तो नाही.

दुरुस्ती मात्र हास्यास्पद वाटावी इतकी लहान आहे. अनइम्पचे दोन्ही ऑपकोड (इन्स्ट्रक्शनची ओळख सांगणारे बिट) शून्य असल्यामुळे तिचे एन्कोडिंग म्हणजे निव्वळ तो आकडाच होय. १६ बाइटांच्या स्ट्रक्चरसाठी कोडमध्ये ३२ बिटांचा १६ हा शब्द टाकला की काम झाले. असेंबलरमध्ये नवी इन्स्ट्रक्शन शिकवावीसुद्धा लागली नाही. उणे १७ ला ५ ने भागण्याचे काम ‘डिव्ह’ला दिले, तेव्हा उणे ३ आणि उणे २ आले, जे लिस्पच्या ‘ट्रंकेट’ या भागाकाराच्या फंक्शनशी तंतोतंत जुळते. त्या संध्याकाळी कलेक्टर मुद्दाम पुन्हा पुन्हा चालवत तिथ्यांची अख्खी यादी काढली, आणि इमेज जराही डळमळली नाही.

प्रत्येक फंक्शनमागे सी मध्ये एक छोटा स्टब (मधले जोडफंक्शन) लिहून स्ट्रक्चरचा सारा व्यवहार सी कंपायलरवरच सोपवावा, अशी सूचना काहींनी पूर्वी केली होती. ती सोयीची आहे, पण मग जिथे लिस्प चालेल तिथे सी कंपायलरही हवा, आणि सोलारिस २ मध्ये तो सोबत येत नाही. यूसीबी डिरेक्टरीतला सीसी (सी कंपायलरची आज्ञा) चालवला, तर भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसवलेले नसल्याचा निरोप तेवढा मिळतो. सोलारिसच्या आधीच्या सनओएस ४ मध्ये सीसी आहे, पण तो सी भाषेच्या आन्सी प्रमाणापूर्वीच्या काळातला, प्रोटोटाइप (पॅरामीटरांचे प्रकार सांगणारी घोषणा) न ओळखणारा. तेव्हा स्टब नकोतच.

सनओएस ४.१.४ च्या डिस्कवर अजून जुनाच मार्ग आहे : एलडी या लिंकरला ‘ए’ पर्याय देऊन चालू इमेजच्या सिम्बॉल टेबलवर ऑब्जेक्ट फाइल जोडायची, ‘टी’ने पत्ता सांगायचा आणि निघालेला मजकूर मेमरीत वाचून घ्यायचा. सी च्या नावांपुढे तिथे लागणारा अंडरस्कोर सांभाळला, तर ते चालते. अनइम्पची दुरुस्ती तिथे आहे तशीच लागू पडली.

यानंतर निपाणीच्या मित्राच्या एचपी ७१२ या वर्कस्टेशनवर एसएचएल लोडचे (तिथल्या शेअर्ड लायब्ररी चढवण्याच्या कॉलचे) काम हाती घेण्याचा बेत होता. तिथे ८ बाइटांपर्यंतचे स्ट्रक्चर दोन रजिस्टरांतूनच परत येते, म्हणजे अनइम्पचा प्रश्नच नाही. वर वाढणाऱ्या स्टॅकचा काय तो त्रास. पण हे लिहिता लिहिताच एक विचार सुचला आहे. लिस्पमधल्या डिक्लरेशनचा आकार चुकीचा असेल, तर सन कंपायलरचे फंक्शन अधिक ८ वर, म्हणजे थेट अनइम्पवरच परतेल आणि प्रोसेसला सिगइल (बेकायदा इन्स्ट्रक्शनचा सिग्नल) मिळेल. त्या सिग्नलच्या हँडलरमध्ये (तो आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) थांबलेल्या पत्त्यावरचा शब्द वाचून तो अनइम्प असल्यास लिस्पची कंडिशन, म्हणजे चूक झाल्याची वर्दी, उभी केली, तर ‘या फंक्शनच्या स्ट्रक्चरचा आकार जुळत नाही’ असा स्वच्छ निरोप डीबगरमध्ये देता येईल, आणि तोही नेहमीच्या कॉलवर एका सायकलचाही भार न टाकता. जीसीसीच्या फंक्शनांना हे संरक्षण मिळणार नाही, तरी एचपीचे काम तूर्त मागे ठेवून हा हँडलर आधी लिहितो. सोलारिसवर पत्ता सिग्नलसोबत येणाऱ्या सिगइन्फोमधून मिळतो, सनओएस ४ वर सिगकॉन्टेक्स्टमधून काढावा लागेल. त्यामुळे सुरुवात सोलारिसपासून.