डायनासोरचं शेण

लहानपणी वहीला लावायच्या स्टिकरमधून डायनासोर घरात शिरला आणि आमच्या परड्याची वाट लागली. मी आणि चुलतभाऊ खुरपं घेऊन हाडं उकरायला बसायचो. निघायच्या त्या गारगोट्या. आजी ओट्यावरून ओरडायची, "पोरांनो, जास्वंदीची मुळं तेवढी ऱ्हाऊ द्या रे!"

कोल्हापुरात हाड निघणार तरी कुठून? आपल्या पायाखाली सगळा लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला, तोच निवून आपला काळा दगड झाला. धगधगत्या रसात हाड कुठलं टिकतंय? लाव्ह्याखाली नाहीतर दोन थरांच्या मधे जिथं गाळ सापडला, तिथंच काय ते अवशेष राहिले. ते भाग्य नर्मदेच्या खोऱ्याचं आणि विदर्भाचं.

तिथंही वाटणी बघा कशी. गुजरातेत रहियोलीला मिळालेल्या हाडांना २००३ मध्ये 'राजासॉरस' असं भारदस्त नाव मिळालं. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाजलं ते शेणामुळं! डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे. हाडं तिथंही मिळालीत, पण माझं मत शेणालाच.

कारण हाड सांगतं जनावर केवढं होतं. काय खात होतं ते शेण सांगतं. गवत मातीतली सिलिका पाण्याबरोबर ओढून घेतं आणि पेशींत तिचे काचेसारखे कण घडवतं. उसाच्या फडात पाल्यानं हात चरचरा कापतात ते या सिलिकेपायीच. ऊसही शेवटी गवतच. पान कुजतं, पचतं, कण मात्र तसेच राहतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे कण सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, तोवर गवत डायनासोर संपल्यावरच फोफावलं असं धरून चालले होते. चित्रांतले डायनासोर म्हणून तर नेच्यांतच उभे असायचे.

२०११ मध्ये दख्खनच्या अशाच शेणातल्या कणांत भाताच्या कुळीतलं गवतही ओळखलं गेलं. म्हणजे आपल्या आजरा घनसाळ तांदळाचा कुणी खापरपणजोबा डायनासोरच्या पोटातून जाऊन आलाय. आजऱ्याच्या पाव्हण्यांना हे ऐन पंगतीत सांगू नये, एवढंच.