अब्बांची खुर्ची

कालपासून डोक्यात ती खुर्चीच बसलीय. साधी प्लास्टिकची, मरून रंगाची, मशिदीत मागे भिंतीला लावून ठेवतात ना तसली. संध्याकाळी मगरिबच्या नमाजला अब्बा आत आले, गुडघे गेलेत त्यांचे, सरळ जाऊन एक उचलली, सफेच्या म्हणजे नमाजींच्या रांगेच्या टोकाला ठेवली, मागचे पाय बरोबर रेषेवर आणले आणि बसले. मला काही बोलले नाहीत, बाजूला उभा होतो तरी. रुकूला थोडे वाकले, सजद्याला त्याहून जरा जास्त, झालं. मी सजद्यात खाली कपाळ टेकवलं तर शेजारी त्यांचं डोकं नाही, खुर्चीचा पाय.

राग आलाय आणि तो नक्की कोणावर तेच कळत नाहीये.

बसून नमाज चालते हे काय मला माहीत नाही का. इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याध होता, त्यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनीच सांगितलं, उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर. पैगंबरांच्या वचनांचा बुखारीचा संग्रह आहे ना, त्यात आहे. आणि झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं अल्ला टाकत नाही हे तर अम्मी गॅस संपला तरी म्हणते. पण हे सगळं दुसऱ्यांच्या बापांसाठी ठीक वाटतं हो. फर्जच्या, म्हणजे सक्तीच्या नमाजांच्या, 17 रकात म्हणजे फेऱ्या, प्रत्येकीत दोन, म्हणजे दिवसाला 34 सजदे, नुसते फर्जचेच, आणि हा माणूस कुवेतच्या उन्हात ड्युटी करून ते करत आला, आणि आता एका संध्याकाळी खुर्ची उचलून मोकळा. जरा तरी हळहळायचं ना? कपाळावरचा तो सजद्यांचा काळसर डाग आता पुसट होत जाईल का, असले फालतू विचार मीच करत बसलोय.

रात्री जेवताना विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, "कशाचं? इतकी वर्षं चालवलं की अल्लानं." आणि परत मोबाईलवर बातम्या.

मग मी आपलं शहाणपण काढलं, आधी उंट बांध मग अल्लावर भरोसा ठेव ती पैगंबरांची हदीस ऐकवली, म्हणजे ऑपरेशनचं बघूया असं म्हणायचं होतं. तर म्हणे, "बांधला होता की रे. इंजेक्शनं झाली, तेल झालं, पट्टे झाले, तुझा तो फिजिओवाला पण झाला. अजून किती बांधू?" यावर काय बोलणार. अम्मी हसत होती.

झोप नाही आली नीट. बकरी ईदचा खुतबा, म्हणजे प्रवचन, आठवत राहिला. कुराणात हजरत इब्राहिम मुलाला थेट घेऊन जात नाहीत, आधी स्वप्न सांगतात आणि विचारतात, बघ, तुला काय वाटतं. मुलगा म्हणतो, हुकूम झालाय तसं करा. मग दोघं मान तुकवतात. दोघं! एकटा बाप नाही. मला बहुतेक हेच लागलंय, की मला विचारलं नाही, परस्पर मान्य करून टाकलं आणि मी राहिलो मागे एकटाच भांडत. आता कुठे ती कहाणी आणि कुठे सांधेदुखी, कळतंय मला. आणि विचारलं असतं तर मी काय म्हणणार होतो? थांबा अब्बा, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

म्हणजे न विचारलेलंच बरं.

आज पहाटे फजरच्या नमाजला उशीर झाला, मागच्या सफेत उभा राहिलो. आम्ही शाफई पंथाचे, त्यामुळे दुसऱ्या रकातीला कुनूत असतं, हात वर करून मागायची दुआ. सगळ्यांचे हात वर गेले तसे पुढे खुर्चीतूनही गेले, तेच हात, डावा जरा खाली, नेहमीसारखा. मी सजद्यात गेलो तेव्हा ऑफिसचा कुठलातरी मेल आठवत होता, ते वेगळं.

बरं, हा एवढा राजीखुशी माणूस, पण डॉक्टरांचं नाव काढलं की बघा. घरी येऊन चहा घेता घेता मीच परत विषय काढला तर सुरू, दोन नको एकच गुडघा करू, आणि तोसुद्धा आत्ता नको, रमजान होऊ दे, मग आंब्याचा सीझन आहे, मग पावसाळ्यात कोण करतं ऑपरेशन. अल्लाशी काही घासाघीस नाही, सगळी डॉक्टरांसाठी राखून ठेवलीय. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतलीय मी, त्यांना अजून सांगितलेलं नाही.